मेस ऑगस्टपासून, पैसे मार्चमध्ये

बारावीचे निकाल लागले, कॅप (म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) राउंड सुरू झाले की माझ्याकडची पत्रं तिप्पट होतात. यंदाही तेच. ओळख नसलेल्यांसाठी सांगते, मी शिक्षणतज्ज्ञ वगैरे कुणी नाही. एकतीस वर्षं एका कॉलेजच्या कचेरीत शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसले. आधी हिरव्या-पिवळ्या छापील फॉर्मांच्या ढिगात, नंतर महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलच्या लॉगिनमध्ये. सगळ्या पत्रांना इथं उत्तर देता येत नाही, म्हणून पाच निवडली आहेत.

प्रश्न : आमच्या दोन्ही घरांत बारावीच्या पुढं कुणी गेलेलं नाही. थोरलीचा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला नंबर लागला, कॅपमधून. आम्ही ओबीसी. मालक जिनिंगवर हंगामी कामाला, मी शिवणकाम करते. मुलींची फी माफ झाली असं ऐकलं होतं, पण कॉलेजच्या खिडकीवर म्हणाले, आधी पूर्ण भरा, सरकारचे आले की परत देऊ. मालक म्हणतात म्हैस विकू. विकावी का? — एक आई, जालना जिल्हा

ताई, म्हैस विकू नका. का ते पुढं सांगते, आधी फीचं बघू.

तुम्ही ऐकलं ते खरं आहे. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी हीच माफी निम्मी होती. अट अशी की घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. तुमचा कॅपमधून आहे, म्हणजे ही अट पुरी झाली. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर माफी नाही, आणि खाजगी किंवा अभिमत विद्यापीठात घेतला तरी नाही. तेवढं कॉलेजचं नाव कुठल्या प्रकारात बसतं ते तपासा.

आता खिडकीवरच्या माणसाचं. त्याच्याशी भांडू नका. मी त्या खिडकीच्या आत बसलेली बाई आहे, भांडणाऱ्याची फाइल खाली जाते हे मी जाणते. साध्या कागदावर प्राचार्यांच्या नावे मराठीत अर्ज लिहा : माझी मुलगी अमुक शासन निर्णयाखाली पात्र आहे, तिच्याकडून शिक्षण शुल्क न घेता प्रवेश द्यावा, घ्यायचं असल्यास कारण लेखी द्यावं. दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी ‘नाही’ म्हणणं फुकट असतं, कागदावर ‘नाही’ लिहायला कुणाची तरी सही लागते. दहातल्या सात वेळा तो कागद आत गेला की अर्ध्या तासात साहेबांचं बोलावणं येतं.

फीची फोड मात्र मागून घ्या. पावतीवर शिक्षण शुल्क वेगळं, विकास शुल्क वेगळं, अनामत वेगळी, ग्रंथालय-जिमखाना वेगळा असतो. माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काला आहे. बाकीचं भरावं लागेल, आणि ते ऐनवेळी कळलं की ‘फी माफ’ म्हणणारे सगळे खोटारडे वाटायला लागतात. कागदांत तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी, अधिवास, कॅपचं पत्र लागेल. नुसतं केशरी रेशनकार्ड दाखवून भागत नाही.

आणि हे सगळं झाल्यावर खरा खर्च सुरू होतो : राहणं आणि जेवणं. आधी शासकीय वसतिगृहाला अर्ज करा. तिथं नंबर नाही लागला तर ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये : जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, वरखर्चाचे ८,०००. पण इथं उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे आणि जिल्ह्यामागं जागा ठरलेल्या आहेत, तेव्हा तारीख चुकवू नका. शिवाय पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीची वसतिगृहं आहेत, मुलींचीसुद्धा. १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी खेड्यातून येणाऱ्या गरजू मुलांसाठीच ती संस्था काढली. तिथं मुलाखत होते. मुलीला सांगा, घरची परिस्थिती आहे तशी सांगायची. कमी करून नाही, वाढवूनही नाही.

म्हशीचा प्रश्न इथं येतो. मेसवाला ऑगस्टच्या पहिल्या तारखेला पैसे मागतो. सरकारचे पैसे अर्ज, छाननी, मंजुरी असं करत मार्चपर्यंत येतात, कधी त्याच्याही पुढं. मधले सात-आठ महिने कोण काढणार? डेअरीचा पगार दर दहा दिवसांनी होतो, शिष्यवृत्तीचा होत नाही. म्हैस दावणीला राहू द्या. ती मेस भरेल.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातला. पुण्यात बी.एस्सी.ला आहे, आदिवासी. दहावीपर्यंत आश्रमशाळेत होतो. इथं वर्गात सगळं इंग्रजीत चालतं, मला प्रश्न विचारता येत नाही. वसतिगृह मिळालं नाही, चौघं एका खोलीत राहतो. मेस एकवेळची लावलीय. घरी सांगितलंय सगळं ठीक आहे. दिवाळीला गेलो की परत येऊ नये असं वाटतं. माझी चूक होतेय का?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझे वडील आठवले, त्यांचं आधी सांगते. मग कामाचं.

१९७९ साली मी साताऱ्यात कॉलेजला आले. आमच्या घरात सही करणारी मी पहिली. उत्पन्नाच्या प्रतिज्ञापत्रासाठी अण्णांना घेऊन कचेरीत गेले. तिथल्या माणसानं त्यांचा अंगठा धरून शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर उठवला आणि शेजारच्याला म्हणाला, ‘‘बापाचा अंगठा आणि पोरगी कॉलेजात.’’ दोघं हसले. अण्णांनी अंगठा कुठं पुसावा म्हणून इकडंतिकडं पाहिलं. भिंतीला पुसायचा धीर झाला नाही. शेवटी त्यांनी तो डोक्याच्या केसांत पुसला. मी त्या दिवशी ठरवलं होतं, नको हे कॉलेज. पुढं नोकरीत मी त्याच प्रकारच्या टेबलावर बसले, तेव्हा एकतीस वर्षं माझ्या शाईच्या पॅडशेजारी एक ओलं फडकं असायचं. दुसरं काही मोठं काम माझ्या हातून झालं असेल-नसेल.

मी टिकले ती कमवा आणि शिका योजनेमुळं. कॉलेज रयतचं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातीच्या पोरांचं एकत्र बोर्डिंग सुरू केलं, आणि पोरांनी राबून शिकायचं हा रिवाज तिथूनच पडला. मला ग्रंथालयात काम होतं. पुस्तकांच्या कण्यावर नंबराच्या चिठ्ठ्या डकवायच्या. डिंक परवडत नसे, म्हणून मैद्याची खळ करायचो, आणि रात्री झुरळं ती खाऊन चिठ्ठ्या पाडायची. दुसऱ्या दिवशी तेच काम पुन्हा! पण त्या खळीच्या पैशात माझी मेस निघाली, आणि मुख्य म्हणजे ग्रंथपालबाईंशी ओळख झाली. कॉलेजात कुणीतरी एक मोठं माणूस नावानं ओळखू लागलं की माणूस टिकतो. पैशाइतकंच हेही लागतं.

आता तुझं. चूक तुझी नाही. घरी तू पावरी बोलतोस, शाळेत मराठी शिकलास, आता इंग्रजीत रसायनशास्त्र शिकतोयस. तुझ्या बाकावरचा पोरगा दुसऱ्या भाषेत शिकतोय, तू तिसऱ्या. वेळ लागणार. प्रश्न वर्गात विचारता येत नसेल तर तास संपल्यावर दारात गाठ आणि मराठीत विचार. प्रॅक्टिकलच्या सरांपासून सुरुवात कर, प्रयोगशाळेत माणसं जरा मोकळी असतात. आणि ऑफिसात जाऊन विचार, माझे मेंटॉर कोण? नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी, प्रत्येक मास्तरांच्या नावावर वीस-पंचवीस मुलं कागदावर वाटलेली असतात. बऱ्याचदा मास्तरांनाच त्यांची नावं माहीत नसतात. तू स्वतः जाऊन उभा राहिलास तर तेही जरा ओशाळतील आणि कामाला लागतील. कॉलेजात समान संधी केंद्रही असेल, त्याची पाटी शोध.

पैशाचं : वसतिगृह न मिळालेल्या आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. पुण्यात रक्कम वरच्या ताईंना सांगितली तितकीच, वर्षाला ६०,०००. त्यासाठी आधी वसतिगृहाचा अर्ज केलेला असावा लागतो, तो तू केलायस. पुणे जिल्ह्याचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय पुण्यात नाही, आंबेगाव तालुक्यात घोडेगावला आहे. मुलं पुण्यात चौकशा करत फिरतात आणि महिना घालवतात. सकाळच्या एसटीनं जा, मूळ कागद आणि झेरॉक्सचे दोन संच ने, खोलीचा भाडेकरार ने. चौघांत एकाच्याच नावावर करार असेल तर मालकाकडून बाकी तिघांची नावं घालून घ्या. हजेरीची अट आहे, म्हणून तास बुडवून कामाला जाऊ नकोस. कमवा व शिका पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांतही आहे, कर्मवीरांच्याच नावानं. विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून एक प्राध्यापक असतात, अर्ज त्यांच्याकडं.

एकवेळची मेस बंद कर आणि दोनवेळची लाव. पैसे कमी पडले तर मेसवाल्याला सरळ सांग, स्वयंचा अर्ज केलाय, ही पोच, आले की देतो. पुण्यातल्या मेसवाल्या मावश्या-काकांनी अशा पोचपावत्या पुष्कळ पाहिल्यात.

दिवाळीला जा. जाण्याआधी परतीचं तिकीट काढ. घरी गेल्यावर आईला खरं सांग, एका वेळचं जेवण तेवढं सांगू नकोस, तोवर ते मिटलेलं असेल. दिवाळीनंतर मला पत्र टाक.

प्रश्न : आम्ही ओपन. दोन एकर कोरडवाहू आणि गावात पिठाची गिरणी. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. सगळ्या योजना त्यांनाच, आमच्या पोरांनी काय करायचं? — एक वडील, सांगोला तालुका

दादा, पत्राचा मधला परिच्छेद गाळला आहे. तुम्हालाही छापून आलेला आवडला नसता.

तुमच्यासाठी योजना आहे. नाव राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. खुल्या प्रवर्गासाठी, उत्पन्न ८ लाखांच्या आत, घरातल्या दोन अपत्यांपर्यंत, निम्मं शिक्षण शुल्क. ज्या महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं उघडली, त्यांच्या नावाची योजना तुमच्या दारात आहे, आणि तुम्ही ‘त्यांना’ काय मिळतं ते मोजत बसला आहात. त्यांचीही पोरं मार्चपर्यंत उसनवारीच करतात, मी जवळून पाहिलंय.

दोन एकर कोरडवाहू म्हणजे तुम्ही अल्पभूधारक. तहसीलमधून तसा दाखला काढा, मग डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी अर्ज करता येईल. मुलगा बारावीला बोर्डाच्या वरच्या वीस पर्सेंटाइलमध्ये असेल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, पदवीची पहिली तीन वर्षं दरसाल १२,०००. ती महाडीबीटीवर नाही, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. नूतनीकरण दरवर्षी करायचं. पहिल्या वर्षी मिळाली म्हणून पोरं निवांत बसतात आणि दुसऱ्या वर्षी हात चोळतात. एकाच वेळी दोन्हीकडचा लाभ घेता येतो का, ते दोन्हीकडच्या अटी वाचून ठरवा.

धाकटा बारावीला आहे असं लिहिलंय. त्याला आत्ताच सांगून ठेवा : इंजिनिअरिंगच्या कॉलेजांत मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा शुल्कमाफीच्या असतात, टीएफडब्ल्यूएस म्हणतात. कॅपचा फॉर्म भरतानाच तो पर्याय निवडावा लागतो. नंतर कुणाच्या पाया पडून उपयोग नाही.

कर्जाला इतकं घाबरू नका, पण सावकाराकडं जाऊ नका. शैक्षणिक कर्जात ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. बँकेचा साहेब सातबारा मागायला लागला तर नकार लेखी मागा. लेखीचा गुण वर सांगितला आहेच.

प्रश्न : पोर्टलवर ‘रक्कम जमा’ दिसतंय, माझ्या खात्यात काहीच नाही. कॉलेज म्हणतं आमचा संबंध नाही. — एक विद्यार्थिनी, लातूर

पैसे गेले आहेत, पण दुसऱ्या खात्यात. अर्जात तू जो खातेक्रमांक लिहिलास तिकडं ते जात नाहीत, आधारला शेवटचं जे खातं जोडलं गेलं तिकडं जातात. कधीतरी आईनं तुझं जनधन उघडलेलं असतं, कधी सिमकार्ड घेताना यंत्रावर बोट ठेवलेलं असतं आणि त्या बोटानं खातं उघडून बसतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते, बँकेचं नाव कळेल. त्या बँकेत जा, पैसे तिथंच पडून असतील.

अर्ज नेटकॅफेत भरलास का? मग मोबाइल क्रमांक कुणाचा टाकलाय तेही बघ. कॅफेवाले घाईत स्वतःचाच टाकतात. ओटीपी त्याला जातो, ‘त्रुटीसाठी परत’ असा निरोपही त्यालाच जातो, आणि तुझा अर्ज तीन महिने तसाच पडलेला. माझ्या नोकरीची शेवटची पाच वर्षं निम्मी यातच गेली.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. आईच्या नावे दरवर्षी ५०,००० रुपये गरजू मुलांना द्यायचे आहेत. बक्षीस समारंभ ठेवावा की ठेव ठेवून व्याजातून द्यावं?

गुरुजी, समारंभ नको. व्यासपीठावर उभं राहून पाकीट घेताना पोरांचे चेहरे मी पाहिलेत. ‘गरीब व होतकरू’ असं माइकवरून पुकारतात. होतकरूच्या आधीचा शब्द हॉलभर ऐकू जातो.

ठेवही नको. आजच्या व्याजात दोन पोरांची वर्षाची मेसही निघणार नाही. पैसे खर्चायचेच ठेवा, आणि ते जानेवारीत देऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये द्या. आमच्या कचेरीत १९९४ साली आम्ही पाच जणांनी, दोन कारकून, एक शिपाई, ग्रंथपाल आणि मी, महिन्याला शंभर-शंभर रुपये एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायला सुरुवात केली. त्याला नाव नव्हतं, नियम नव्हता. ज्याची शिष्यवृत्ती मंजूर आहे पण आलेली नाही त्याला डब्यातून द्यायचे, आले की त्यानं परत टाकायचे. सही घ्यायची नाही असं शिपायाचं म्हणणं होतं, वहीत फक्त काय पाहिजे ते लिहायचं. त्याचं आम्ही ऐकलं.

लोकांना वाटतं पोरं लाखाच्या फीवर अडतात. अडतात, पण ती फी कुठंतरी माफ होते. शिक्षण सुटतं ते छोट्या रकमेवर. एसटीचा पास, परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख, चष्मा फुटला, जर्नल छापायचे पैसे, लॅपटॉपचा चार्जर जळला. सरकारच्या कुठल्याच योजनेत चार्जर नाही.

तेव्हा तुमच्या गावच्या कॉलेजात जा. प्राचार्यांना भेटलात तर चहा मिळेल. शिष्यवृत्तीच्या टेबलावर जो बसतो त्याला भेटलात तर नावं मिळतील. आईंचं नाव द्यायचंच असेल तर डब्यावर आतल्या बाजूनं लिहा.

निवृत्त होताना ती वही मी मागून घेतली. मंजूर रक्कम आल्यावर किती जणांनी परत टाकले याचा हिशेब एकदा जावयानं करून दिला होता, फार थोडे राहिले होते. पहिल्याच पानावर माझ्या अक्षरात आहे : ‘मेस अनामत, १५० रु.’ खाली शिपायाच्या अक्षरात, ‘परत आले, ११ एप्रिल’. आणि त्याखाली तिसरंच अक्षर, त्या पोराचं असावं : ‘२०० टाकले. ५० पुढच्याला.’